फोरेझे दोनाती आणि नेल्लाच्या प्रार्थना

४. फोरेझे दोनाती : दान्तेचा फ्लॉरेन्समधला मित्र, १२९६ मध्ये वारला. दान्तेच्या काव्यातला परलोकाचा प्रवास १३०० च्या ईस्टरचा. पश्चात्ताप मरेपर्यंत लांबवणाऱ्याला शुद्धिपर्वताच्या पायथ्याशी आयुष्याइतकी वर्षं ताटकळावं लागतं. हा खादाड गडी मात्र पाच वर्षांच्या आतच सहाव्या, खादाडांच्या कड्यावर. उपासाने इतका सुकलेला, की दान्ते त्याला आवाजावरून ओळखतो. श्रेय सगळं विधवा नेल्लाच्या रडून केलेल्या प्रार्थनांचं. जिवंतांच्या प्रार्थनांनी मृतांच्या यातना हलक्या होतात, हे लिआँच्या धर्मपरिषदेने १२७४ मध्ये मान्य केलंच होतं. मूळची यमकसाखळी (पहिली-तिसरी ओळ जुळते, मधलीचं यमक पुढचं कडवं उचलतं) या अनुवादात सोडली आहे; तिच्यापायी नेल्लाचं रडणं नाटकी व्हायला लागलं होतं. फ्लॉरेन्सच्या बायकांच्या पेहरावावर फोरेझे तोंडसुख घेतो, त्यासाठी पुढची टीप पाहावी.