सासूबाईंची पाठ आणि पंधरा वर्षांची पोर



माझ्या सासूबाईंची पाठ साठीनंतर वाकत गेली. शेवटी शेवटी मंदिरात वेदीसमोर उभं राहूनही त्यांना मान वर करून दर्शन घेता येत नसे. "वय झालं," म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातली १५ वर्षांची मुलगी अंगणात साधी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तपासण्यांत निघालं ते भलतंच: टर्नर सिंड्रोम. पोर वर्गात सगळ्यांत बुटकी, पाळी आलेली नाही. आईला हे माहीत होतं. पण "बाहेर कळलं तर उद्या स्थळं येणार नाहीत" म्हणून ती गप्प राहिली. डॉक्टर म्हणाले, "आजीची हाडं झिजली आणि हिची भरलीच नाहीत, दोन्हींत एकाच हार्मोनचा हात आहे." ते ऐकून मी वाचायला बसले.

१९३८ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे डॉक्टर हेन्री टर्नर यांनी अशा ७ जणींची नोंद केली. वयं १५ ते २३, उंची कमी, मानेच्या बाजूला त्वचेची घडी, वयात येण्याची चिन्हं नाहीत. दोष मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत असावा असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी त्या ग्रंथीचाच अर्क देऊन पाहिला.

उलगडा झाला बोस्टनमध्ये. तिथले डॉ. फुलर अल्ब्राइट मोडक्या मणक्यांच्या बायका तपासत होते. १९४१ साली त्यांनी मांडलं की अशा ४२ जणींपैकी ४० जणींची पाळी गेलेली होती. म्हणजे नुसतं वय नव्हे, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन थांबलं की हाडं विरळ होतात. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टर्नरसारख्या ११ जणींचा अभ्यास छापला. लघवीच्या तपासणीत पिट्युटरीचं हार्मोन कमी नव्हे, उलट जास्त निघालं. ती ग्रंथी हाका मारत होती, अंडाशयच ओ देत नव्हतं. मुळाशी काय आहे ते १९५९ साली लंडनमध्ये कळलं: १४ वर्षांच्या एका मुलीच्या पेशींत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रं होती, एक एक्स कमी.

मी कॉमर्सची, मला हे जमाखर्चात कळतं. हाडांची बहुतेक जमा विशीपर्यंत होते, त्यातही वयात येतानाची वर्षं मोठ्या भरण्याची. सासूबाईंनी खातं भरलं होतं, ते उतारवयात रिकामं झालं. या पोरीच्या खात्यात भरणाच थांबला होता. म्हणून आता अशा मुलींना साधारण ११-१२ व्या वर्षापासून अगदी थोडं इस्ट्रोजेन सुरू करतात आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, खेळणं-पळणं हवंच. पण दूध-नाचणी इस्ट्रोजेनची जागा घेत नाही.

आपल्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला: औषध कशापासून बनतं? प्रश्न खोटा नाही. १९४२ साली अमेरिकेत आलेलं प्रसिद्ध इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढत, आणि ते आजही मिळतं. त्याच दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. तिकडे घोडी, इकडे कंदमूळ! पण आता सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या घटकांपासून प्रयोगशाळेत केलेलं इस्ट्रॅडिओल असतं, गोळीतही आणि त्वचेवर लावायच्या पट्टीतही. आपला आग्रह डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, ते पर्याय देतात. मात्र या कारणाने उपचार लांबवू नका.

मुलीची आई मला म्हणाली, "काकी, मी झाकलं म्हणून तिची तीन वर्षं गेली." मी तिला काय बोलणार? सासूबाईंच्या पाठीकडे वीस वर्षं पाहून मीही "वय झालं" एवढंच म्हटलं होतं.

असा आजार दोन-अडीच हजार मुलींत एकीला असतो. तेरा वर्षं होऊनही छाती भरली नसेल, पंधरापर्यंत पाळी नसेल किंवा उंची थांबली असेल, तर "येईल उशिरा, आमच्यात असंच आहे" म्हणू नका. मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या. स्थळाचं पुढे पाहू. आधी पोरीला ताठ उभं राहता आलं पाहिजे.