दुर्बिणीचे फिल्टर-चाक आणि कोकणची हवा

दुर्बिणीच्या मागच्या टोकाला, कॅमेरा बसतो त्याच्या जरा पुढे, एक चपटी डबी जोडलेली असते. तिच्यात मधल्या खिळीवर फिरणारी चकती असते आणि चकतीच्या पाच-सात भोकांत वेगवेगळ्या रंगांच्या काचा आट्यांवर बसवलेल्या असतात. डबीच्या फटीतून चकतीची कड बाहेर डोकावते. ती बोटाने ढकलली की खटका बसतो आणि पुढची काच प्रकाशाच्या वाटेत येते. हेच हातचे फिल्टर-चाक.

दुर्बिणीला रंगीत काच लावण्याची चाल चाकापेक्षा बरीच जुनी आहे. विल्यम हर्शेल सूर्य पाहण्यासाठी काळ्या-रंगीत काचा पारखत होता, तेव्हा काही काचांतून उजेड कमी येऊनही ऊब जास्त लागते हे त्याच्या लक्षात आले. त्याच धाग्याने 1800 मध्ये तो अवरक्त किरणांपर्यंत पोचला. पण त्या काळी काच बदलायची म्हणजे हाताने काढायची आणि दुसरी लावायची.

महाराष्ट्रात दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशाची फोड करण्याचे पद्धतशीर काम पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखाली 1888 मध्ये तिथे ग्रब कंपनीची 20 इंची परावर्तक दुर्बीण आली. त्यांचा भर वर्णपटावर, म्हणजे फिल्टरपेक्षा प्रिझमवर होता. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी जेऊरला तळ दिला, तर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर उतरला होता. (विजयदुर्गावरच हेलियमचा शोध लागला असे कोकणात हौसेने सांगतात. पण हेलियमची रेषा 1868 ची आणि लॉकयरचा विजयदुर्गाचा तळ 1898 चा, तेव्हा हा मान किल्ल्याला देता येत नाही.) खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. एवढ्या वेळात कोणी कोणती काच किंवा प्लेट कधी सरकवायची याची आधी तालीम करावी लागे. पुण्याची वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला गेली.

चाकाला खरे महत्त्व आले ते ताऱ्यांची तेजस्विता विजेच्या साहाय्याने मोजली जाऊ लागल्यावर. 1953 मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी अतिनील, निळा आणि दृश्य अशा तीन पट्ट्यांची प्रमाणपद्धती मांडली. मग एकाच ताऱ्याची तीन मापे लागोपाठ घेणे आले आणि दरवेळी काच नेमकी त्याच जागी येणेही आले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने गिरवलीला उभारलेल्या दोन मीटरच्या दुर्बिणीत 2006 पासून हे काम मोटरी करतात. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीत तिन्ही कॅमेऱ्यांना स्वतंत्र फिल्टर-चाक आहे. आयुकाच्या पुढाकाराने घडलेल्या आदित्य-एल 1 यानावरच्या ‘सूट’ या सौरदुर्बिणीत दोन चाकांवर 11 फिल्टर बसवले आहेत. हौशी निरीक्षकांकडे मात्र हातचे चाक टिकून राहिले. ते स्वस्त असते, त्याला तार लागत नाही आणि बिघडले तर उघडता येते.

कोकणातल्या रायगड जिल्ह्याशी या गोष्टीचा संबंध मुंबईच्या विजेमुळे येतो. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमाप बिघडणार हे दिसत होते. म्हणून तिथले संचालक नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. 1906 पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या आणि मग कुलाब्याचे काम थांबवले. विजेच्या दिव्यांनी आकाशनिरीक्षकांनाही असेच शहराबाहेर ढकलले. पण जिल्ह्यातले पेण आणि रोहा आता पूर्वीइतके अंधारे नाहीत. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. अशा उजळलेल्या आकाशात तेजोमेघ टिपायचा तर हायड्रोजनचा 656.3 आणि ऑक्सिजनचा 500.7 नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा आत सोडणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर लागतात. सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर 589 च्या आसपासचा प्रकाश अडवून बरेचसे भागत असे. एलईडीचा पांढरा उजेड मात्र सगळ्या रंगांत पसरतो. फिल्टर वाढले तसे चाक फिरवणेही वाढले.

आणि इथेच कोकणची हवा आड येते. जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही, चाक पेटीत पडून राहते. दमट, खारट हवेत ग्रीस चिकट होते, त्यात धूळ बसते, खटक्याचा छर्रा आणि स्प्रिंग गंजतात. पावसाळ्यानंतर चाक जड फिरते. हवेचा दोष नेहमीच असतो असेही नाही. झाकणाचे स्क्रू जास्त आवळले की पत्रा किंचित वाकून चकतीवर दाबतो. एखादा फिल्टर आट्यांत पुरता बसला नसेल किंवा त्याची कडी उंच असेल, तर ती झाकणाला घासते. घासल्याची खूण राहते, त्यामुळे निदान सोपे होते: झाकण उघडल्यावर जिथे रंग उडून धातू चमकतो, तिथेच घर्षण.

दुरुस्तीत पहिले काम फिल्टर काढून, क्रम लिहून, झाकून ठेवण्याचे. मग खिळी, वॉशर आणि खटक्याचा छर्रा काढतात. बारीक स्प्रिंग उडून हरवते, म्हणून हे ताटात करणे बरे. जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायचे, घासलेली कड बारीक पॉलिश पेपरने सपाट करायची आणि खिळीला नवे ग्रीस नावापुरते लावायचे. फवाऱ्याचे तेल वापरणे ही सर्रास होणारी चूक: ते पसरते आणि त्याचा थर काचेवर धरतो. मधला स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळून पाहावा लागतो. सैल राहिला तर चकती डुलते, घट्ट झाला तर पुन्हा अडते. खटक्याची स्प्रिंग मऊ करण्याचा मोह टाळावा, कारण काच नेमकी जागेवर धरून ठेवण्याचे काम तीच करते.

दुरुस्ती साधली का हे बोटापेक्षा कॅमेरा चांगले सांगतो. एकसारख्या उजळ पडद्याचे छायाचित्र घ्यायचे, चाक पूर्ण फेरा फिरवून त्याच फिल्टरवर आणायचे आणि पुन्हा घ्यायचे. धुळीच्या कणांच्या गोल सावल्या दोन्हींत एकाच जागी असल्या तर चाक ठीक आहे. त्या सरकल्या असतील तर खटका तपासावा. नंतर चाक हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवतात. दमट हवेत काचेवर बुरशीही धरते आणि ती फिल्टरचा लेप कायमचा खराब करू शकते.