पत्र्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

जुन्या मोटारींची जलरंगातील चित्रे हा विषय कामगार चळवळीतील माणसाने बोलण्यासाठी का निवडावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मोटार ही श्रीमंतांची हौस, आणि चित्रकला ही फुरसतीची. आम्ही ज्यांच्यात वावरतो त्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील माणसांपाशी ना हौशीला पैसा आहे, ना चित्राला फुरसत. परंतु इतिहास राजवाड्याच्या दिंडीतून दिसतो तसा कारखान्याच्या फाटकातूनही दिसतो. आणि जुन्या गाडीचे चित्र ही अशी वस्तू आहे की, तिच्यात ही दोन्ही दारे एकमेकांसमोर येतात. तेव्हा या फाटकातून ते चित्र कसे दिसते, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

जलरंग आपल्या मुलखाला नवा नाही. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले आणि तेथून हे माध्यम महाराष्ट्रात रुजले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळ्याच्या आणि पंचगंगेच्या परिसरात हिंडून चित्रे काढीत राहिले. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर यांनी हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे चित्र रंगविले आणि जे आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ते तैलरंगातले असावे असे पाहणाऱ्याला वाटते. ते आहे जलरंगातले. आणि म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी तर मुंबईचा रस्ताच आपलासा केला. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ सालच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रे पाहावीत. रस्त्यावरच्या साध्या माणसांकडे त्यांनी किती बारकाईने पाहिले आहे, हे त्यांत दिसते. त्या पिढीला रस्त्यावरचा सामान्य माणूस चित्रात घेण्याची लाज वाटत नव्हती, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

त्याच काळात त्या रस्त्यावर मोटार आली. एकोणिसावे शतक संपता संपता ती मुंबईत दिसू लागली, १९११ साली भाड्याच्या मोटारी म्हणजे टॅक्सी सुरू झाल्या आणि १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. युरोपात तोवर मोटारीचे चित्र हा एक स्वतंत्र धंदा झाला होता. फ्रान्सच्या अर्नेस्ट माँतो याने शर्यतीच्या गाड्यांची चित्रे दगडी छापावर छापून हाताने रंगवून घेतली. वेग दाखविण्यासाठी त्याने चाके लंबगोल केली आणि मागे रेघा ओढल्या. इंग्लंडात गॉर्डन क्रॉस्बी याने ‘ऑटोकार’ या नियतकालिकासाठी तेच काम आयुष्यभर केले. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉन्टिअक गाडीच्या जाहिराती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी अपारदर्शक जलरंगात रंगवी. त्यांच्या चित्रातील गाडी खऱ्या गाडीहून रुंद असे. माल विकण्यासाठी काढलेले चित्र आणि स्मरणासाठी काढलेले चित्र यांत हा फरक आहे. पहिले गाडीला मोठी करते. दुसऱ्याने ती होती तशी ठेवावी, एवढीच अपेक्षा असते.

आम्ही चित्रकार नव्हे. परंतु कोणतेही काम कसे होते हे पाहण्याची सवय आम्हांला धंद्यामुळेच लागली आहे, आणि जलरंगातील गाडीचे काम पाहण्यासारखे आहे. तैलरंगात काळ्यावर पांढरे चढविता येते. जलरंगात तसे नाही. येथे फिक्याकडून गडदाकडे जावे लागते आणि पांढरे म्हणजे न रंगविलेला कागद. चकाकणारा बंपर, दिव्याची कड, काचेवरची उन्हाची तिरीप या साऱ्या जागा आधीच हेरून कोऱ्या सोडाव्या लागतात. टायर काळा दिसतो, पण जाणता चित्रकार तेथे नुसता काळा भरीत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून तो जिवंत काळा तयार करतो. मुंबईच्या टॅक्सीचे पिवळे टप आधी रंगवून पूर्ण वाळू द्यावे लागते. ओल्या पिवळ्यात काळा उतरला तर त्याचे मळकट हिरवे होते. आणि सर्वांत मोठी गंमत अशी की, चकचकीत पत्र्याला स्वतःचे असे रूप थोडेच असते. बॉनेटवर आभाळ असते, दारावर समोरचे दुकान असते आणि मडगार्डवर वाटेने जाणारी माणसे वाकडीतिकडी होऊन उमटलेली असतात. गाडी नीट रंगवायची तर तिच्या भोवतालची वस्ती रंगविल्यावाचून सुटका नाही.

आता हा पत्रा चकचकीत कोणी केला, ते पाहू. मोटारीच्या आरंभीच्या काळात घोडागाडीप्रमाणेच तिलाही वॉर्निशाचे हात देत, आणि एकेक थर वाळवीत गाडी तयार व्हायला आठवड्यांमागून आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. तो तासांत वाळू लागला आणि फवाऱ्याने देता येऊ लागला. गिऱ्हाइकाला रंगांची निवड मिळाली, मालकाला वेळ वाचला आणि कामगाराच्या छातीत थिनरची वाफ गेली. आपल्याकडील गॅरेजांत आजही ‘डेंटिंग-पेंटिंग’ करणारा कारागीर पत्रा ठोकून सरळ करतो, लांबी भरतो, घासकागदाने घासतो आणि मग फवारा धरतो. त्याच्या तोंडाला बहुधा एक रुमाल बांधलेला असतो. या कामातील धोका जगाला ठाऊक नव्हता असे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२१ साली शिशाच्या पांढऱ्या रंगाविषयी जो करार केला, त्यात फवाऱ्याने रंग देण्यातील धोका आणि कोरडे घासताना उडणारी धूळ या दोहोंचा स्पष्ट उल्लेख आहे. बेन्झीनविषयीचा करार १९७१ चा. त्याला भारताने १९९१ मध्ये मान्यता दिली. कागदावर संरक्षण यायला वीस वर्षे लागली. ते फवारा धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचविणे हे तर आमच्यासारख्यांचे रोजचेच काम होऊन बसले आहे.

पत्र्यावरचा आणि कागदावरचा रंग यांचे नाते याहूनही जवळचे आहे. क्विनाक्रिडोन नावाची जांभळी-तांबडी रंगद्रव्ये १९५८ साली बाजारात आली. त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते मोटार-उद्योग, कारण ती उन्हात विटत नाहीत. त्या पिंपातला एक चमचा म्हणावा तसा वाटा चित्रकारांच्या नळ्यांत आला. याच कुळातील एक सोनेरी रंग जलरंगकारांचा अत्यंत आवडता होता. चालू शतकाच्या आरंभी मोटारवाल्यांनी तो घेणे थांबविले, तेव्हा त्याचे उत्पादनच बंद पडले आणि जगभरच्या चित्रकारांना साठा संपेपर्यंत पुरवून वापरावा लागला. चित्रकाराची पेटी कोणाच्या जोरावर भरते, हे यावरून कळावे. आमची वसाहत रासायनिक कारखान्यांची. रसायनाच्या भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्या हातचा माल शेवटी कोठे जातो हे क्वचितच कळते. तो कधी गाडीच्या दारावर जातो आणि कधी एखाद्या मुलाच्या चित्राच्या वहीत, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

कुरकुंभवरून जाणारा पुणे–सोलापूर रस्ताही या कथेत येतो. याच रस्त्याच्या टोकाला, सोलापुरास, १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. याच बाजूला इंदापूर तालुक्यात त्यांचे वालचंदनगर वसले. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, पुढे इटालियन फियाट. १९६४ ची फियाट ‘डिलाइट’ आणि तिचीच पुढची ‘पद्मिनी’ या गाड्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या आणि मुंबईची टॅक्सी म्हणून लाखो लोकांच्या उपयोगी पडल्या. त्या गाडीची गोल पाठ आणि साधा चेहरा चित्रकारांना आज फार आवडतो. परंतु संघटनेच्या अभ्यासवर्गात प्रीमिअरचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते. कुर्ल्याच्या मोटार-उत्पादन विभागात प्रोत्साहन-वेतनाच्या करारावरून दोन संघटनांत आणि कंपनीत वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ च्या त्या वाडके खटल्याच्या निकालाने औद्योगिक विवादात दिवाणी न्यायालयाचा अधिकार कोठवर चालतो हे ठरविले, आणि तो निकाल आजही आधाराला घेतला जातो. किती गाड्या काढल्या म्हणजे किती पैसे, हा त्या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न. चित्रातल्या प्रत्येक फियाटच्या मागे हा हिशेब उभा आहे. शतक संपता संपता पद्मिनी बंद झाली. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत.

आणि येथे आमचा खरा मुद्दा येतो. वस्तूच्या म्हातारपणाचा मान कोणाला मिळतो? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. नियम चांगला आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मुंबईच्या टॅक्सीला २००८ मध्ये पंचवीस वर्षांची आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तो प्रकारच रस्त्यावरून गेला. धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता मर्यादा असावीच. तिने पोसलेल्या वस्तीलाच तो धूर गिळावा लागत होता. तथापि परिणाम काय झाला तो पाहा. जी गाडी तबेल्यात उभी राहिली ती वारसा ठरली, आणि जी रोज राबली ती भंगार ठरली. पन्नाशीला मान मिळावा अशी व्याख्या केली, आणि राबणारीला पन्नाशी गाठताच येणार नाही अशी तजवीज त्याआधीच झालेली होती. माणसांच्या बाबतीतही हाच न्याय आम्ही गिरण्यांच्या दारात पाहिला आहे.

कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात संस्थानची मेबॅक गाडी आजही निघते आणि लोक ती कौतुकाने पाहतात. पाहावीच, तीही कोणा कारागिरांनीच घडविली. चित्रकारांनी ती जरूर रंगवावी. पण तिला जपणारे आहेत. ज्या गाडीला जपणारे कोणी नाही, तिच्यासाठी जलरंग हे सर्वांत योग्य साधन आहे, कारण ते स्वस्त आहे. गाडी ठेवायला गॅरेज लागते. चित्र ठेवायला वही पुरते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे, रंगाच्या पेट्या दांडेकरांच्या कॅम्लिनने घरोघरी पोहोचविल्या, आणि पुण्याच्या मिलिंद मुळीकांसारख्यांच्या चित्रांनी व पुस्तकांनी शेकडो तरुण रविवारी सकाळी रस्त्यावर बसून रंगवू लागले आहेत. साधने आहेत, हातही आहेत.

त्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे. भंगाराच्या आवारात निम्मी कापलेली पद्मिनी उभी असेल, दौंडच्या रस्त्यावर नाक्याला जुना मालट्रक उभा असेल, तर तो रंगवा. गंज झाकू नका; लांबी भरलेली जागा दिसू द्या, कारण ती कोणाच्या तरी हाताची सही आहे. चाकाशी बसलेला मिस्त्री चित्राबाहेर ठेवू नका. धुरंधरांनी त्याला ठेवला नसता. आणि चित्र वाळले की ते उलटे करून मागे चार ओळी लिहा : गाडी कोणत्या साली कोठे घडली, किती वर्षे चालली, कोणी चालविली, कोणी दुरुस्त केली. ते विचारण्यासाठी चालकाशी बोलावे लागेल, मिस्त्रीशी बोलावे लागेल. कुर्ल्याला त्या गाड्या जुळविणारे अनेक हात आता थकले आहेत. विचारायचे ते लवकर विचारले पाहिजे. पुढच्या पिढीला त्या कागदाच्या एका बाजूला गाडी सापडेल आणि दुसऱ्या बाजूला माणूस.