जमैकातली मराठी आणि आमच्या गावचा 'डुप्लिकेट' ताज

तर झालं असं, की एक लाँग वीकएंड जुळून आला आणि पुण्याच्या ऑफिसातली आमची चौकडी माझ्या गावी, म्हणजे संभाजीनगरला, येऊन थडकली. वेरूळ झालं, दौलताबाद झालं, संध्याकाळी बीबी का मकबरा. गेटातून आत शिरताच एक मित्र म्हणाला, "अरे, हा तर ताजचा चायना पीस!" सगळे हसले. मीही हसलो. लहानपणापासून या जोकवर हसायची सवय आहे.

रात्री नान-खलिया खाऊन झाल्यावर चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याने विचारलं, "शक्कर नक्को क्या?" त्यावर तोच मित्र म्हणाला, "तुमच्या गावात हिंदीत मराठी, मराठीत उर्दू, आणि ताजमहालसुद्धा कॉपी. ओरिजिनल असं काही आहे की नाही रे?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी सुचलं :-) तेच आज लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मकबऱ्याचं बघू. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिची ही कबर १६६०-६१ च्या सुमारास उभी राहिली. बांधणाऱ्यांची नावं दरवाज्यावरच्या लेखात आहेत: अताउल्ला आणि हंसपत राय. हा अताउल्ला म्हणजे ताजचा वास्तुविशारद उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. म्हणजे ज्याला आपण पायरेटेड कॉपी म्हणतो, ती बापाचं डिझाइन घेऊन मुलाने बांधलेली. खर्चाचा आकडा सांगितला जातो तो ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. ताजचा ३ कोटी २० लाख. साधारण पन्नास पट फरक! त्यामुळे संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला, बाकी आपला दख्खनी काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. नकाशा आग्र्याचा, माल बराचसा इथला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बरं, 'ओरिजिनल' म्हणून सकाळी ज्याच्यासमोर आम्ही तासभर आ वासून उभे होतो, ते वेरूळचं कैलास लेणं तरी काय आहे? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याचा आराखडा कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळतो. ते मंदिर चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने ७४० च्या आसपास नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलं, आणि त्याचा नमुना होता कांचीचं कैलासनाथ मंदिर. म्हणजे कॉपीची कॉपी. फक्त वेरूळच्या लोकांनी ती बांधली नाही, डोंगर वरून खाली कोरत आणली. त्याला कुणी चायना पीस म्हणत नाही.

आणि आमच्या गावची हिमरू शाल? 'हिमरू' हा शब्दच मुळी फारसी 'हमरूह' वरून आला असं सांगतात, म्हणजे 'सारखा दिसणारा'. सोन्याचांदीच्या जरीचं किनखाब परवडत नाही, तर त्यासारखं दिसणारं सूत आणि रेशमाचं कापड. नक्कल असल्याचं नावातच सांगून टाकलेलं, आणि त्याच नावाने जगभर विकलं गेलेलं.

आता भाषेकडे येऊ, कारण मला खरं टोचलं होतं ते भाषेबद्दलचं.

फारशी लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट. गेल्या शतकाच्या सुरुवातीला उर्दूच्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र औरंगाबादेत होतं. मौलवी अब्दुल हक १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिव झाले आणि संस्थेचा कारभार इथून चालू लागला. 'उर्दू' नावाचं त्रैमासिक १९२१ पासून इथून निघायचं. याच अब्दुल हकांनी १९३३ साली एक पुस्तक काढलं, विषय काय तर मराठी भाषेवर फारसीचा परिणाम! आपण जेव्हा 'दुकानातून कागद आण' म्हणतो, 'हिशोब जाहीर कर' म्हणतो, 'फक्त' म्हणतो, इतकंच काय, अर्जात 'आणि' ऐवजी ऐटीत 'व' लिहितो, तेव्हा आपण फारसी-अरबी वापरत असतो. पेशवा, फडणवीस, चिटणीस ही तर मराठेशाहीचीच पदं, पण शब्द तिकडचे.

त्याच १९३३ साली माधव जूलियन यांचं 'गज्जलांजलि' आलं. फारसीचा हा प्राध्यापक. १९२५ साली फारसी-मराठी कोश केलेला, गझल मराठीत रुजवायला धडपडलेला. आणि याच माणसाने १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द काढायची बाजू घेतली. मला यात ढोंग दिसत नाही. एकाच माणसात दोन्ही ओढी असू शकतात, आपल्या सगळ्यांतच असतात. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या १३८० च्या आसपास फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. नवं राज्य उभं करताना त्याची स्वतःची भाषा असावी असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे.

पण गंमत अशी की कोश शब्द बदलू शकतो. शब्दांच्या खाली जे असतं त्याचं काय?

इथे जमैका येतं. हो, क्रिकेटवालं जमैका.

एप्रिल १९६८ मध्ये तिथल्या मोना गावी, वेस्ट इंडीज विद्यापीठात, जगभरचे भाषाशास्त्रज्ञ एका परिषदेला जमले. विषय होता सरमिसळ झालेल्या भाषा. उसाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांनी मालकांचे शब्द घेऊन ज्या नव्या भाषा घडवल्या त्या, आणि तशाच इतर. बाकी जगात या भाषांना तोवर 'मोडकी इंग्रजी', 'मोडकी फ्रेंच' म्हणून हिणवलं जायचं. परिषदेचं म्हणणं असं की या मोडक्या नाहीत, या स्वतःचे नियम असलेल्या भाषा आहेत. डेल हाइम्स यांनी संपादन केलेला या परिषदेचा ग्रंथ १९७१ साली आला. आणि कॅरिबियन, आफ्रिका वगैरेंच्या गर्दीत त्यात दोन लेख चक्क मराठीशी संबंधित आहेत.

पहिला लेख जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे, तेव्हा तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. कित्येक पिढ्या शेजारी राहिलेले हे लोक. बहुतेक पुरुषांना एकाहून जास्त भाषा येणारच. अभ्यासकांना दिसलं ते असं की शब्द वेगवेगळे राहिलेत, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एक झालीय. एका भाषेतल्या वाक्यातला एकेक तुकडा काढून दुसरीचा बसवत जा, वाक्य तयार!

एक उदाहरण. आपल्याकडे टेबलालासुद्धा लिंग असतं, खुर्चीलाही. कन्नडमध्ये माणूस असेल तर पुरुष किंवा स्त्री, बाकी सगळ्या वस्तू नपुंसक. कुपवाडच्या मराठीने आणि उर्दूने हा कन्नड हिशोब उचलला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर चार वेगळे यूआय, बॅकएंड मात्र एकच :-) आणि शब्द का नाही मिसळले? तर घरातली भाषा ही आपण कोण याची खूण होती. ती खूण कुणालाच पुसायची नव्हती. म्हणून दिसणारा भाग राखला आणि न दिसणारा वाटून घेतला.

(या मांडणीवर नंतर टीकाही झाली. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून मूळ निष्कर्षांची चिकित्सा करणारा लेख २०१६ साली प्रसिद्ध केला. शास्त्र असंच चालतं.)

दुसरा लेख फ्रँकलिन साउथवर्थ यांचा, आणि तो जास्त स्फोटक आहे. त्यांचा प्रश्न असा की खुद्द मराठीचाच जन्म असा सरमिसळीतून झाला असेल का? संस्कृत-प्राकृतातून आलेले शब्द, आणि द्राविडी भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी घडलेली वळणं? ही मांडणी सगळ्यांनी मान्य केलेली नाही. पण तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. 'तूप' आणि 'अक्का' हे कन्नडशी नातं सांगणारे शब्द सोडूनच द्या. 'आम्ही' आणि 'आपण' घ्या. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हटलं तर तू घरी बस. 'आपण सिनेमाला चाललोय' म्हटलं तर तूही चल. हा फरक संस्कृतात नाही, प्रमाण हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. तमिळ आणि तेलुगूत मात्र आहे. आणि 'आपण' हा शब्द आला कुठून? संस्कृत 'आत्मन्' पासून. म्हणजे नकाशा दक्षिणेचा, माल घरचा. मकबऱ्याचं वाक्य आठवलं का?

कुठल्याही कोशाने 'दुकान' काढून 'विपणी' घालता येईल. 'आपण' कसा काढणार? आणि काढून बोलणार काय?

भाषाशास्त्रात या सगळ्याला 'उसनवारी' म्हणायची पद्धत आहे. आइनार हाउगेन यांनी १९५० सालीच दाखवून दिलं होतं की ही उपमा विचित्र आहे: देणाऱ्याला पत्ता नसतो, घेणारा कधी परत करत नाही. पुढे लार्स योहानसन या तुर्की भाषांच्या अभ्यासकाने सरळ 'कॉपी' हाच शब्द धरला. कारण कॉपी केल्याने मूळ मालकाचं काही कमी होत नाही, आणि घेतलेली गोष्ट नव्या घरात कधीच हुबेहूब तशीच राहत नाही. कधी पूर्ण शब्द कॉपी होतो, कधी नुसतं वळण. मला हे वाचून हायसं वाटलं. आमच्या गावाला चिकटलेला शब्द कुणीतरी शिवीसारखा न वापरता कामाला लावला होता.

आणि कॉपी एकाच दिशेने होते असंही नाही. टपरीवाल्याचा 'नक्को' हा आपला 'नको'. 'ऐसाइच', 'अब्बीच' मधला 'च' हा आपला 'च'. दख्खनी उर्दूने तो मराठीकडून घेतला. याच दख्खनीत लिहिणारा वली, ज्याला औरंगाबादी म्हणतात, १७०० साली दिल्लीला गेला. पुढे १७२० साली त्याचा दिवाण दिल्लीत पोचला, आणि फारसीत लिहिण्यात धन्यता मानणारे तिथले कवी आपल्या बोलीत गझल लिहू लागले. आग्र्याचा नकाशा इकडे आला त्यानंतर साठेक वर्षांनी दख्खनचा नकाशा दिल्लीला गेला, एवढाच हिशोब.

आता मला का टोचलं ते सांगतो. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये कुणाला तरी सहज विचारलं, "काय करायलास?" टेबलावर हशा पिकला. पुढचा महिनाभर मला त्याच वाक्याने हाक मारायचे. वाईट कुणी नव्हतं, गंमतच होती. पण सहा महिन्यांत मी 'करतोयस' वर आलो. कुणी सांगितलं नाही, आपोआप. कॉपीच केली मीही, आणि ती चुकीची होती असंही म्हणत नाही. कुपवाडच्या लोकांनी तेच केलं. फरक एवढाच, की त्यांनी घरातलं घरात जपून ठेवलं आणि मी ते लाजून टाकून दिलं. बोली अशी जाते. बंदी कुणी घालत नाही, एका टेबलावरचा हशा पुरतो.

तर मित्रा, उत्तर हे असं आहे. आमच्या गावात ओरिजिनल काय आहे ते मला माहीत नाही. तुझ्याही गावात काय आहे ते शोधून बघ, खाली कुणाचा तरी नकाशा निघेल. विचारायचाच तर प्रश्न असा विचार, की घेतलेल्या गोष्टीचं इथल्या लोकांनी इथल्या दगडात काय केलं.

असो. हे लिहीत असताना आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो, "काय करायलास रे?"

म्हटलं, "काही नाही गं, लिहायलोय."