न्हाणीघर, मोरी, बाथरूम : जुन्या घरांतील घसरण्याच्या जागा

महाराष्ट्रातील जुन्या घरांत अंघोळीची आणि शौचाची जागा सहसा एकाच आराखड्यातून घडलेली नसते. दगडी न्हाणीवर कधी सिमेंट चढले, सिमेंटवर टाइल बसली, परसातला संडास घरात आला आणि नळ, गिझर, कमोड सवडीने जोडले गेले. प्रत्येक बदलाने एक गैरसोय दूर झाली आणि पाय घसरण्याची किंवा अडखळण्याची एक नवी जागा तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के लोक दरवर्षी एकदा तरी पडतात. वृद्धांसाठी घरातील धोका तपासायचा, तर बाथरूम कोणत्या काळात आणि कोणत्या क्रमाने घडली, हे आधी पाहावे लागते.

वाड्यातले न्हाणीघर बहुधा मागच्या चौकाजवळ, विहीर किंवा हौदाच्या आसपास असे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी शहरात आणले गेले आणि ते हौदांत खेळू लागले. अंघोळ बसून होई. खाली पाट किंवा घडीव दगड, पुढ्यात घंगाळ, बंबातले कढत पाणी आणि त्यात घालायला विसण. शरीर जमिनीलगत असल्यामुळे अंघोळ करताना तोल जाण्याचे भय कमी होते. खरा प्रश्न उठताना येई, कारण आधाराला हाताशी काही नसे. टाकीने घडवलेला दगड नवा असताना पाय धरून ठेवतो. मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. शौचकूप परसात असल्याने रात्री अंधारातून, पायऱ्या उतरून जावे लागे.

टोपलीच्या संडासांची जागा फ्लशच्या संडासांनी घेतली, तेव्हा धोक्याचे स्वरूप बदलले. मैला वाहणाऱ्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशपातळीवर कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा मात्र १९९३ मध्ये झाला. मधल्या काळात जुन्या घरांत जिथे जागा सापडेल तिथे संडास बसवले गेले. सांडपाण्याच्या नळाला उतार मिळावा म्हणून भांडे अनेकदा चौथऱ्यावर बसवावे लागे. परिणामी अरुंद खोली, दारातच एक-दोन उंच पायऱ्या आणि आत उकिडवे बसण्याची सक्ती, अशी रचना अनेक वाड्यांत राहिली.

मुंबईत हाच इतिहास चाळीतून गेला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास, अशी व्यवस्था होती. चाळीच्या खोलीतल्या कोपऱ्यातली मोरी म्हणजे बुटक्या कठड्याने अडवलेला फरशीचा तुकडा. भांडी, धुणे आणि अंघोळ तिथेच होत असल्याने साबणाचा आणि तेलकटाचा थर फरशीवर कायम राही. कठडा पाणी अडवतो, पण गुडघे न वाकणाऱ्या माणसाला तो ओलांडणे अवघड जाते. सामाईक संडासाकडे जाताना एका हातात टमरेल किंवा बादली असे, म्हणजे आधारासाठी एकच हात मोकळा उरे.

मोरीच्या फरशीसाठी शहाबादी दगड सर्वत्र पोहोचला, त्यात रेल्वेचा वाटा होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला आणि शहाबाद या मार्गावरच आहे. हा चुनखडीचा दगड थरांतून सुटतो. त्याची मूळ खरखरीत बाजू ओल्या पायाला धरते, घासून चकचकीत केलेली बाजू धरत नाही.

घरे जुनीच राहण्यामागे कायद्याचेही कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांना दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीविना पक्के बांधकाम केले, तर जागा सोडावी लागण्याची टांगती तलवार होती. त्यामुळे मोरीचा कठडा तोडणेही जोखमीचे वाटे.

स्वातंत्र्यानंतरच्या फ्लॅटमध्ये संडास आणि बाथरूम घरात आली, पुढे अनेक ठिकाणी एकत्रही झाली. अंतर कमी झाले, पण संडासाची कोरडी जमीन ओली झाली. भिंतीसाठी केलेली चकचकीत टाइल जमिनीवरही उतरली. गिझर आणि शॉवरमुळे लोक उभ्याने अंघोळ करू लागले आणि घसरल्यावर पडण्याची उंची वाढली. कमोडने गुडघ्यांना दिलासा दिला. नूतनीकरणात जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवली की उतार बिघडतो, पाणी साचते आणि उंबऱ्याची सवयीची उंची बदलते.

तपासणी बिछान्यापासून सुरू करावी, कारण रात्रीची वाट हाही धोक्याचा भाग असतो. दिव्याचे बटण दाराबाहेर आहे का, उंबरा आणि पायरी रंगाने वेगळी दिसते का, हे पाहावे. जमीन कोरडी असताना नव्हे, तर अंघोळ झाल्यावर लगेच तपासावी. त्या व्यक्तीला बसायला, उठायला, वळायला सांगून तिचा हात आपोआप कुठे जातो, याची नोंद घ्यावी. तो नळावर किंवा टॉवेलच्या दांडीवर जात असेल, तर तिथेच पक्का गज हवा. वाड्याच्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीत स्क्रू माणसाचा भार पेलतीलच असे नाही; तिथे जमीन ते छत असा खांब उभारणे अधिक भरवशाचे ठरते. दार आत उघडत असेल, तर पडलेल्या माणसाच्या शरीराने ते अडते. म्हणून ते बाहेर उघडणारे असावे आणि कडी बाहेरून काढता येणारी असावी.

वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या समीक्षेनुसार घरातील धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण एकूण २६ टक्क्यांनी घटते आणि आधीच जास्त जोखीम असलेल्यांमध्ये ३८ टक्क्यांनी. त्यामुळे नुकतेच पडलेले, रुग्णालयातून परतलेले किंवा रोजच्या कामांना मदत लागणारे ज्येष्ठ असलेले घर आधी तपासावे. रक्तदाबाचे किंवा झोपेचे नवे औषध सुरू झाले, दृष्टी अधू झाली किंवा बाथरूममध्ये काही दुरुस्ती झाली, तर तपासणी पुन्हा करावी.