हंगामाच्या वाटेवरील ख्रिस्तसभा : ईट परिसर आणि ऊसतोडीला जाणारी ख्रिस्ती कुटुंबे

धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य भागात, भूम तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर ईट हे गाव आहे. उत्तरेस बीड जिल्हा, पश्चिमेस अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुका, आणि १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात नोंदले गेलेले खर्डाही येथून फारसे दूर नाही. जमीन उथळ, पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेतीच्या जोडीला दुभती जनावरे आणि खव्याचा व्यवसाय हा या तालुक्याचा आधार आहे. हा आधार ज्यांना पुरत नाही ती कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधतात आणि ऊसतोडीच्या हंगामाला निघतात. भूम तालुक्याप्रमाणेच शेजारच्या बीड जिल्ह्यातील असंख्य गावांचेही हेच चित्र आहे.

मराठवाड्यातून हंगामाला जाणाऱ्या या लाखो कामगारांमध्ये आपली ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्यांची संख्या थोडी, गावे विखुरलेली आणि धर्मगुरूंचा निवास बहुधा दूर असतो. अशा भाविकांची वर्षातील पाच-सहा महिने श्रद्धेची सोबत कशी टिकावी, या विषयाची उपयुक्त माहिती एकत्र मिळावी म्हणून प्रस्तुत लेख सादर केला आहे.

धर्मप्रांताची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. पोप सहावे पॉल यांनी १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांताचे विभाजन करून या धर्मप्रांताची स्थापना केली. औरंगाबाद शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले असले, तरी धर्मप्रांत औरंगाबाद याच नावाने ओळखला जातो. मराठवाड्याचे सर्व जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. क्षेत्र विस्तीर्ण आणि भाविक मोजके, हे या धर्मप्रांताचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य होय.

मराठवाड्यातील कॅथलिक श्रद्धेची पायाभरणी संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाच्या मिशनरींनी केली. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथील फादर गुरियन जाकिए यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते. गोदावरीपलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, येशूसंघीय धर्मगुरूंनी हेच कार्य केले. या दोन्ही क्षेत्रांत गावोगावी जाणारे फादर महिन्या-दोन महिन्यांनी येत. मधल्या काळात मुलांना अक्षरे शिकविणारा, सायंकाळी प्रार्थना घेणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा माणूस म्हणजे गावातील मास्तर. मराठी ग्रामीण ख्रिस्तसभा ज्या खांद्यांवर उभी राहिली ते खांदे प्रामुख्याने या प्रापंचिक धर्मशिक्षकांचे होते, हे आपण विसरता कामा नये.

हंगामातील जीवन

पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि पुढील महिन्यांच्या तोडणीतून ती फेडावी लागते. मराठवाड्यातील टोळ्या पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पाचट आणि ताडपत्रीची कोपी हेच घर असते. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. वाहन रात्री आले तर रात्रीच उठायचे. या वेळापत्रकात रविवार नसतो.

४ जानेवारी २०२४ रोजी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही समाधानाची बाब आहे. तथापि उचल फिटली नाही तर पुढील वर्षीही त्याच टोळीत जावे लागते, हे वास्तव केवळ दरवाढीने बदलत नाही. स्त्रियांच्या वाट्याला तर दुहेरी कष्ट येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून शरीराचा एक भाग गमवावा लागणे, ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती अंतःकरणाला अस्वस्थ करणारी आहे. आपल्या भगिनींनी अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास घाईने होकार न देता सरकारी रुग्णालयात दुसरे मत अवश्य घ्यावे.

सण परगावी येतात तेव्हा

पंचांग पाहिले तर लक्षात येईल की आगमनकाळ, नाताळ आणि प्रायश्चित्तकाळाचा बराचसा भाग, हे सारे हंगामात येते. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो; २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. म्हणजे काही वर्षी तो घरी मिळतो, काही वर्षी फडात. नाताळ मात्र जवळजवळ नेहमीच कोपीत साजरा होतो.

यामुळे पुष्कळ कुटुंबांच्या मनात एक खंत घर करून राहते. मिस्सा चुकली, पापनिवेदन राहिले, ख्रिस्तशरीर स्वीकारता आले नाही, म्हणजे आपण ख्रिस्तसभेपासून तुटलो काय? ही खंत पुढे संकोच होते, आणि गावी परतल्यावरही पावले चर्चकडे वळत नाहीत. म्हणून ख्रिस्तसभेचे नियम या बाबतीत काय सांगतात ते नीट समजून घेतले पाहिजे.

ख्रिस्तसभेचे नियम भाविकांच्या बाजूने

१९८३ च्या धर्मसभा-विधिसंहितेत पुढील तरतुदी आहेत.

१. रविवारची मिस्सा : धर्मगुरू नसल्यामुळे किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सेत सहभागी होणे अशक्य असेल, तर शब्दविधीत भाग घ्यावा, अथवा एकट्याने, कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ द्यावा, अशी शिफारस कलम १२४८ मध्ये आहे. अशक्यतेचे पाप होत नाही. कोपीसमोर चार माणसांनी एकत्र येऊन शुभवर्तमानाचा उतारा वाचला व जपमाळ म्हटली, तर ती केवळ मनाची समजूत नसून ख्रिस्तसभेनेच सुचविलेली उपासना आहे. धर्मगुरूंच्या अनुपस्थितीतील रविवारीय उपासनेसाठी रोमने १९८८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली.

२. वार्षिक ख्रिस्तशरीरस्वीकार : वर्षातून किमान एकदा, पास्काकाळात, ख्रिस्तशरीर स्वीकारावे असा नियम आहे. परंतु योग्य कारण असल्यास वर्षातील दुसऱ्या वेळीही तो पाळता येतो, असे कलम ९२० स्पष्ट सांगते. मे किंवा जून महिन्यात गावी परतलेल्या कामगाराने संकोच न बाळगता धर्मगुरूंना भेटावे.

३. आणीबाणीतील स्नानसंस्कार : नवजात बालकाच्या जीवास धोका असेल आणि धर्मगुरू उपलब्ध नसतील, तर योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती स्नानसंस्कार देऊ शकते (कलम ८६१). डोक्यावर साधे पाणी ओतीत बालकाचे नाव घेऊन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार द्यावा. फडात बाळंतपणे होतात. म्हणून ही माहिती प्रत्येक आईला, सुईणीला असावी. नंतर धर्मग्रामात त्याची नोंद मात्र न विसरता करावी.

४. धर्मशिक्षकाचे सेवापद : १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कार्यास अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. आपल्या गावच्या मास्तरांनी जे पिढ्यानपिढ्या केले, त्याचाच हा सन्मान म्हणावा लागेल. टोळीतील जो भाऊ किंवा बहीण वाचू शकते, तिने हे काम हाती घेण्यास हरकत नाही. औपचारिक सेवापद बिशपांकडून मिळते, परंतु प्रार्थना घेण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

- कुटुंबाच्या स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले धर्मग्रामातून घ्यावेत आणि एक प्रत गावी ठेवावी. पुढे मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीरस्वीकाराच्या किंवा विवाहाच्या वेळी धावपळ होत नाही.
- कोणत्या कारखान्यावर जात आहोत ते धर्मगुरूंना सांगावे. पुणे, सातारा, सांगली व सोलापूर हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात, कोल्हापूर जिल्हा मुख्यत्वे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, अहिल्यानगर जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात आणि बेळगाव परिसर बेळगाव धर्मप्रांतात येतो. आपल्या धर्मगुरूंनी एक पत्र दिले अथवा एक दूरध्वनी केला, तर तेथील धर्मग्रामाला पाहुणे भाविक आल्याचे कळते.
- शिधापत्रिका सोबत ठेवावी. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे परजिल्ह्यातील स्वस्त धान्य दुकानातूनही धान्य मिळू शकते.
- ग्रामपंचायतीमार्फत ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र करून घ्यावे. राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून त्याच्या निधीसाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये आणि शासनाने तितकेच द्यावेत असे ठरले आहे. नोंद असल्याशिवाय लाभ मिळणे कठीण जाते.
- मुलांना शक्यतो गावीच ठेवावे. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी शाळांमार्फत हंगामी वसतिगृहे चालविली जातात. मुले बरोबर न्यावीच लागली, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जवळच्या शाळेत वर्षाच्या मध्यातही प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मागे राहणाऱ्यांची जबाबदारी

हंगामात गाव रिकामे होते असे म्हणतात, पण ते पूर्णतः खरे नाही. वृद्ध राहतात, शाळकरी मुले राहतात, आणि दोघेही एकमेकांच्या भरवशावर असतात. ज्यांच्या घरची चूल सुरू आहे त्यांनी या घरांची आठवड्यातून एकदा विचारपूस करावी, मुलांना रविवारच्या प्रार्थनेस बरोबर न्यावे, आणि नाताळात फराळाचे एक ताट त्या दारी पोहोचवावे. फडात आई-वडील मुलांच्या काळजीने झुरतात. 'तुमच्या लेकरांकडे आमचे लक्ष आहे' हा निरोप त्यांना मोठा दिलासा देतो.

ज्या धर्मग्रामांच्या हद्दीत कारखाने आहेत, त्यांच्यावरही तेवढीच जबाबदारी येते. स्थलांतरितांसाठी प्रार्थनेचा दिवस पाळण्याची परंपरा ख्रिस्तसभेत १९१४ पासून आहे, आणि २०१९ पासून तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळला जातो. कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रात धरला होता. हा दिवस आणि ही शिकवण केवळ प्रवचनापुरती राहू नये. डिसेंबरमध्ये तोडणी सुरू असलेल्या तळावर एक मिस्सा व्हावी, सोबत एखाद्या परिचारिका भगिनीने आरोग्य तपासणी करावी. जात-धर्म न विचारता केलेली ही सेवा शेजारच्या कोप्यांतील इतर कुटुंबांनाही लाभेल.

मतमाउलीच्या छायेत

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. सप्टेंबरमध्ये, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तेथे येतात. हरेगाव हे मुळात साखर कारखान्याचे गाव. उसाच्या मातीतच मराठी ख्रिस्ती माणसाचे हे मोठे तीर्थ उभे राहिले, यात आपल्यासाठी एक अर्थ आहे. यात्रा संपते आणि थोड्याच दिवसांत हंगाम सुरू होतो. जी माउली बाळाला घेऊन परमुलखात गेली, तिला बिऱ्हाड पाठीवर घेण्याचे दुःख सांगावे लागत नाही.

मूळ उपाय : पाणी

स्थलांतर हे नशीब नसून त्यामागे कारणे आहेत, आणि पाणी हे त्यांपैकी मुख्य. या दिशेने येशूसंघीय स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात मोलाचे कार्य केले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची प्रेरणा होती, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था त्याच कार्यातून उभी राहिली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावे, गावाने श्रमदान करावे आणि निर्णय गावानेच घ्यावेत, हे त्या पद्धतीचे सूत्र. फादर बाखर २०२१ मध्ये प्रभूच्या घरी गेले, परंतु बालाघाटच्या उतारांना ते सूत्र आजही लागू पडते. गावात पाणी टिकले तर दिवाळीनंतर बिऱ्हाड बांधण्याची गरज उणी होते. म्हणून पाणलोटाच्या कामासाठी भरणाऱ्या ग्रामसभेला उपस्थित राहणे, हेही भाविकांचे कर्तव्य समजावे.

भाविक बंधू-भगिनींनो, इस्राएलची प्रजा चाळीस वर्षे तंबूंत राहिली, आणि परमेश्वराचा निवासही त्या काळात तंबूतच होता. कोपीत राहणारे कुटुंब ख्रिस्तसभेच्या बाहेर पडलेले नसते. ख्रिस्तसभाच त्यांच्याबरोबर त्या मुक्कामी गेलेली असते. या हंगामाला निघताना पिशवीत शिधापत्रिकेजवळ एक लहान शुभवर्तमान आणि एक जपमाळ ठेवावी. रात्री गाडी भरून झाल्यावर, अंग दुखत असताना, दोन मिनिटांची प्रार्थनाही पुरेशी आहे. मे महिन्यात आपण परत याल तेव्हा चर्चचे दार उघडे असेल, आणि 'इतके दिवस कुठे होता' असे विचारणाऱ्याच्या शब्दांत दोष नसून केवळ वाट पाहिल्याचा आनंद असेल, अशी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.