टप्पा, तार आणि रिले : भीमेकाठचा एक लहानसा इतिहास

१/ दौंडच्या सिग्नलशी थांबलेल्या गाडीतील प्रवासी सहसा वैतागतो. परंतु त्या लाल दिव्यामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ घडत आलेला एक विचार उभा असतो. त्याचे नाव रिले. #धागा

२/ रिले म्हणजे मुळात वाटेवरचा ताजा घोडा. थकलेला स्वार टप्प्यावर घोडा बदलून पुढे निघे. तारेतील विद्युतप्रवाहही अंतराबरोबर थकतो. म्हणून १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्रीने एक युक्ती केली. क्षीण प्रवाहाने केवळ लोहचुंबक जागा करावा आणि त्याने दुसऱ्या, ताज्या विद्युतघटाचे मंडल जोडावे.

३/ १८५८ मध्ये रेल्वे पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत पोहोचली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. गाड्या वाढल्या, तसा प्रश्नही वाढला : पुढचा रूळ मोकळा आहे, हे निश्चित कसे कळावे?

४/ उत्तर १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने दिले. रुळाच्या एका टोकास विद्युतघट, दुसऱ्या टोकास रिले. रूळ मोकळा असता प्रवाह रिलेला उचलून धरतो. गाडी आली, की प्रवाह तिच्या चाका-आसांतूनच परततो, रिले ‘पडतो’ आणि सिग्नल लाल होतो.

५/ येथील मर्म नीट पाहावे. तार तुटली, घट संपला, रूळ भंगला, तरीही रिले पडतोच. बिघाडाचा अर्थ ‘थांबा’ असाच निघतो. म्हणून रेल्वेचा रिले स्वतःच्या भाराने पडावा लागतो. त्याचे संपर्कबिंदू वितळून चिकटू नयेत, यासाठी धातूसमोर कार्बन योजतात.

६/ पुढे पुणे-दौंड मार्गावर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. तिच्यामुळे शेजारच्या केबलमध्ये नको असलेला दाब उद्भवतो. त्याने रिले चुकून उचलला गेला, तर व्यापलेला रूळ मोकळा भासेल. अशा मार्गांवर प्रत्यावर्ती प्रवाहास दाद न देणारेच रिले लागतात.

७/ आता भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात या. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज आणि दूरचित्रवाणी संच बनत आले आहेत. कॉम्प्रेसर चालविणारा रिले दणकट असतो. मात्र तोच संवेदकाच्या सूक्ष्म संकेतासाठी लावला, तर काही काळाने संकेत हरवू शकतो.

८/ कारण आपल्या देव्हाऱ्यातच सापडते. चांदीचे निरांजन काळे पडते, तसेच चांदीचे संपर्कबिंदूही. मोठ्या प्रवाहाची ठिणगी तो थर जाळते, सूक्ष्म प्रवाहाला तो भेदता येत नाही. म्हणून संकेतांच्या रिलेवर सोन्याचा मुलामा देतात. त्याच्या गुंडाळीस वॉटचा सातवा भागही पुरतो.

९/ याहून काटकसरी म्हणजे ‘लॅचिंग’ रिले. क्षणभर प्रवाह द्यावा, पुढे तो स्थिती धरून ठेवतो. घटावर चालणाऱ्या उपकरणाला हे वरदान आहे. परंतु वीज गेल्यावरही जो पडत नाही, तो दौंडच्या त्या रिलेची जागा घेऊ शकत नाही.

१०/ आज स्थानकांवर संगणकीय इंटरलॉकिंग येत आहे. तरी संगणकाचा आदेश पुष्कळदा रिलेमार्फतच सिग्नलपर्यंत जातो. म्हणून निवड करताना वीज किती वाचेल, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा : वीज गेली, तर हा कोणत्या बाजूला पडेल?